दोघंही आफ्रिकेतच ना?

मुलं परदेशी असणाऱ्या आईला गावात काही ठरावीक प्रश्न विचारले जातात. मुलगा अमेरिकेत असला की ‘आता कधी येणार?’ दुबईत असला की ‘सोनं काय भाव पडतं हो तिकडे?’ पण मुलगा आणि मुलगी दोघंही आफ्रिकेत आहेत म्हटलं, की प्रश्न येतच नाही. एकदम निकालच येतो. ‘मग काय बाई, बरंच झालं! एकमेकांना धरून तरी आहेत. सुट्टीच्या दिवशी जाणं-येणं होत असेल!’

यात वाईट काहीच नसतं, मायाच असते. पण आपल्या मनात आफ्रिका म्हणजे एकच एक देश असतो. सिंह, हत्ती, दाट झाडी, आणि त्यात आपली चार माणसं. प्रत्यक्षात त्या खंडात लहानमोठे ५४ देश आहेत. क्षेत्रफळ तीन कोटी चौरस किलोमीटरांहून अधिक. आपल्यासारखे नऊ भारत एकाशेजारी एक मांडले तर त्यात मावतील. भिंतीवरचा नकाशाही आपल्याला मदत करत नाही. नेहमी पाहतो तो नकाशा मर्केटर नावाच्या गृहस्थांनी १५६९ साली दर्यावर्दी लोकांसाठी बसवलेल्या पद्धतीचा. त्यात ध्रुवांकडची जमीन फुगते आणि विषुववृत्ताजवळची आक्रसते. ग्रीनलंड आणि आफ्रिका त्यावर जवळजवळ सारखे दिसतात. खरं पाहता आफ्रिका ग्रीनलंडच्या चौदा पट आहे. तेव्हा आमच्या शेजारणींना तरी काय बोल लावायचा?

माझी थोरली २०१९ पासून नैरोबीला आहे. जावई एका औषध कंपनीत हिशेबाचं काम बघतात. धाकटा २०२१ मध्ये लागोसला गेला, प्लॅस्टिकच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून. नैरोबी ही केनियाची राजधानी, खंडाच्या पूर्व अंगाला. विषुववृत्त अगदी जवळ, पण गाव सतराशे मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही वर. तिथे बारा महिने हवा गोड. लागोस हे नायजेरियातलं सर्वांत मोठं शहर, पश्चिमेला, अटलांटिक महासागराच्या काठी. १९९१ पर्यंत तीच राजधानी होती, मग राजधानी अबुजाला गेली. तिथे घाम, दमट वारा आणि माणसांची अफाट गर्दी. एकीच्या घरी रात्री ब्लँकेट, तर दुसऱ्याच्या घरी रात्रंदिवस पंखा.

या दोन शहरांमध्ये सरळ रेषेत अंतर आहे सुमारे ३,८३० किलोमीटर. आपण शाळेत पाठ केलेलं असतं, की भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. म्हणजे काश्मीरच्या टोकावरून निघून कन्याकुमारीला पोचायचं आणि तिथून उलट फिरून पुन्हा बंगळूरपर्यंत यायचं. एवढं अंतर बहिणीकडून भावाकडे जायला! आणि मुंबईहून नैरोबी किती? सुमारे ४,५३० किलोमीटर. म्हणजे बहिणीपासून भाऊ जितका लांब, त्याहून तिची आई जेमतेम सातशे किलोमीटर जास्त लांब. आमच्या ह्यांनी हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा स्वतःच दोनदा तपासून पाहिला.

मधे काय आहे? नैरोबीहून पश्चिमेला निघालं की आधी व्हिक्टोरिया सरोवर लागतं, मग युगांडा, मग काँगोचं प्रचंड अरण्य, मग कॅमेरून आणि त्याला लागून नायजेरिया. लागोस ते मोंबासा असा खंड ओलांडणारा महामार्ग संयुक्त राष्ट्रांच्या आफ्रिका आयोगाने १९७१ साली कागदावर आखला. त्याची लांबी सहा हजार किलोमीटरच्या वर भरते. दोन्ही टोकांना रस्ता आहे, पण मधे काँगोत तो अजून सलग झालेला नाही. पावसाळ्यात तिथे चिखलच चिखल. तेव्हा ‘गाडी काढली आणि गेलो’ ही गोष्ट विसरायची.

आगगाडीचीही तीच गत. मोंबासा बंदरातून आत जाणारा लोहमार्ग इंग्रजांनी १८९६ मध्ये सुरू केला आणि १९०१ मध्ये तो व्हिक्टोरिया सरोवराला पोचला. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले होते, बहुतेक पंजाबातले. अडीच हजारांच्या आसपास त्या कामात मेले. नैरोबी हे गावसुद्धा या रुळांमुळेच १८९९ साली वसलं. आणि गंमत बघा, त्याच वर्षांत पलीकडच्या टोकाला लागोसहून इबादानपर्यंत दुसरा लोहमार्ग घातला जात होता. राज्य एकाच साहेबाचं, पण दोन्ही रूळ एकमेकांकडे कधी आलेच नाहीत. आतला माल बंदरावर आणायचा आणि बोटीत घालून विलायतेला न्यायचा, एवढ्यासाठी ते होते. इकडच्या माणसाने तिकडच्याला भेटावं ही त्यात कुणाची कल्पनाच नव्हती.

पुढे विमानं आली तीही याच वळणाने. इंग्रजांच्या जुन्या वसाहतींतली विमानं लंडनकडे, फ्रेंचांच्या वसाहतींतली पॅरिसकडे, काँगोतली ब्रसेल्सकडे. शेजारच्या देशात जायचं तर आधी युरोप गाठायचा आणि तिथून परत खाली यायचं, असे प्रवास लोकांनी वर्षानुवर्षं केले. १९९९ साली आयव्हरी कोस्टमधल्या यामुसुक्रो शहरात आफ्रिकेतल्या देशांनी ठरवलं, की एकमेकांच्या विमानांना आकाश मोकळं करायचं. २०१८ च्या जानेवारीत त्याची नवी योजनाही जाहीर झाली. काम हळूहळू चाललं आहे. आपल्याकडे दोन भावांची सामाईक विहीर वाटून घ्यायला किती वर्षं लागतात, हे मला ठाऊक आहे. इथे तर पन्नासावर भाऊ!

लागोस आणि नैरोबी ह्यांच्यात आता थेट विमान आहे, ही मोठीच सोय. ते किती वेळ घेतं? इथे वाचक भगिनींना आमच्या ह्यांचं एक सोपं गणित सांगते. ह्यांनी सारी नोकरी बँकेत केली, पण आता विमानांचे हिशेब करतात. किलोमीटरच्या आकड्याला आठशेने भागायचं आणि वर अर्धा तास घालायचा. विमान वर चढायला, खाली उतरायला आणि धावपट्टीवर रांगेत थांबायला जो वेळ लागतो, त्यासाठी हा अर्धा तास. मुंबई–दिल्ली सुमारे ११४० किलोमीटर, म्हणजे दोन तास. बरोबर? मुंबई–नैरोबी सहा तासांच्या जरा वर. आणि लागोस–नैरोबी सव्वापाच तासांच्या आसपास. वाऱ्याप्रमाणे दहा-वीस मिनिटं इकडे-तिकडे. कुठल्याही दोन गावांना लावून बघा, हिशेब फारसा चुकत नाही.

पण तिकिटावरच्या वेळा वाचताना मात्र सावध राहायचं. तिकिटावर निघायची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते आणि पोचायची वेळ दुसऱ्या गावच्या घड्याळाची. लागोसचं घड्याळ नैरोबीच्या दोन तास मागे. नैरोबीहून सकाळी आठला निघालेलं विमान लागोसला सव्वाअकराला उतरतं. बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, सव्वातीन तासांत! आणि येताना सकाळी आठला निघालेलं सव्वातीनला पोचतं. तेव्हा वाटतं, सव्वासात तास कसे लागले? विमान तेच, रस्ता तोच. घड्याळं तेवढी निराळी. आपलं घड्याळ नैरोबीच्या अडीच तास पुढे आणि लागोसच्या साडेचार तास पुढे. माझी सकाळची पूजा आटोपते तेव्हा लेकीकडे दिवस उगवतो आणि लेकाकडे मध्यरात्र उलटून नुकतं कुठे पहाटेकडे लागलेलं असतं.

लेकीला दुसऱ्यांदा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा आम्ही हे सगळं एका कागदावर लिहून काढलं. थोरल्या नातीची शाळा असल्यामुळे बाळंतपण तिकडेच करायचं ठरलं होतं. शिवाय अठ्ठावीस आठवड्यांनंतर विमानात डॉक्टरांचं पत्र मागतात आणि छत्तीस आठवड्यांनंतर बहुतेक कंपन्या बसूच देत नाहीत. तेव्हा ऐन वेळी माहेरी यायची सोय नव्हतीच. तो कागद मी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, वाण्याच्या यादीशेजारी. त्यात तिन्ही गावांची अंतरं, विमानाचे तास, घड्याळांचा फरक, दवाखान्याचा फोन, शेजारच्यांचा फोन, असं सगळं होतं. आणि सर्वांत खाली, ठळक अक्षरांत, कागदपत्रं.

कागदपत्रांचं जरा सविस्तर सांगते, कारण तिकीट काढायला पाच मिनिटं पुरतात, कागदांना दिवस लागतात. केनिया आणि नायजेरिया, दोन्ही ठिकाणी पिवळ्या तापाची भीती. हा डासांमुळे होणारा रोग. त्याची लस घेतल्याचं पिवळं कार्ड लागतं आणि ते लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं. तिथून परत येताना हे कार्ड जवळ नसेल तर आपल्याकडे विमानतळावरून सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. एक बरं आहे, २०१६ पासून एकदा घेतलेली लस जन्मभर चालते. साठी उलटलेल्यांना मात्र डॉक्टर सगळं तपासून, विचार करूनच ती देतात. माझं वय बासष्ट, म्हणून मी दोन महिने आधीच डॉक्टरांना विचारून लस घेऊन ठेवली. दुसरं म्हणजे केनियाने २०२४ च्या जानेवारीपासून व्हिसा बंद करून प्रवासाआधी इंटरनेटवर परवानगी घ्यायची पद्धत सुरू केली. ती हातात पडायला तीनेक दिवस लागू शकतात. धाकट्याला ऑक्टोबरात बारशाला जायचं होतं. त्याला म्हटलं, ‘अरे, ऑक्टोबर येईल तेव्हा येईल, परवानगी आत्ताच काढून ठेव.’ तो हसला. ‘आई, तू म्हणजे गाडी फलाटावर लागायच्या आधी ट्रंकेवर बसणारी आहेस,’ म्हणाला. पण काढून ठेवली खरी.

सप्टेंबरच्या सुरुवातीला आमच्या सासूबाई न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. वय सत्त्याऐंशी. शस्त्रक्रिया झाली, घरी आणलं, पण कुशीवर वळवायलाही दोन माणसं लागत. घरात आम्ही दोघंच. माझं नैरोबीचं तिकीट महिन्याच्या शेवटचं होतं. म्हटलं, तोवर त्या सावरतील.

त्याच आठवड्यात पहाटे साडेतीनला फोन वाजला. अशा वेळचा फोन उचलताना आपला हात कसा होतो, ते सांगायला नको. जावई बोलत होते. नैरोबीत रात्रीचा एक वाजला होता. लेकीचा रक्तदाब एकदम चढला होता, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. दिवस भरायला अजून चार आठवडे. डॉक्टर म्हणाले, थांबता येणार नाही, पहाटेपर्यंत शस्त्रक्रिया करून मूल काढायचं. चार वर्षांची नात झोपेतून उठून रडत होती, तिला शेजारच्या गुजराती मासींकडे ठेवलं होतं. मासी फार चांगल्या. तिसऱ्या पिढीपासून केनियातल्याच. पण त्यांचंही वय झालेलं, गुडघे धरलेले. जावयांना दवाखाना सोडता येईना.

मी उठून उभी राहिले. आतल्या खोलीतून सासूबाईंनी हाक मारली. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं, की तुझा जीव किती ठिकाणी आहे, तर मला मोजून सांगता आलं नसतं. हे म्हणाले, ‘तू निघालीस तरी उद्या रात्री पोचशील. आधी त्याला फोन लाव.’ कपाट उघडलं, कागद बघितला. लागोसला रात्रीचे अकरा वाजून गेले होते. धाकटा जागा होता. मी सगळं सांगितलं. तो एवढंच म्हणाला, ‘आई, माझ्याकडे परवानगी आहे, पिवळं कार्ड आहे. मी बघतो.’

थेट विमान त्या दिवशी मिळालं नाही. मिळालं ते अदिस अबाबावरून जाणारं. अदिस अबाबा ही इथिओपियाची राजधानी, नैरोबीच्या उत्तरेला साडेअकराशे किलोमीटर. म्हणजे आधी नैरोबीच्याही पलीकडे वर जायचं, आणि मग खाली यायचं. अंतर झालं पाच हजार किलोमीटर. दुबईवरूनही एक विमान होतं, पण तो फेरा साडेनऊ हजार किलोमीटरांचा. म्हणजे सांगलीहून मिरजेला जायला कुणी सोलापूरला वळसा घालावा तसं! भाडंही माझ्या मुंबईहून काढलेल्या तिकिटापेक्षा जास्तच पडलं, अंतर कमी असून.

आपल्याकडे साडेसात वाजले आणि जावयांचा फोन आला. मुलगा झाला होता. वजन जेमतेम दोन किलो, काचेच्या पेटीत ठेवलेला. लेक गुंगीत होती, रक्तदाब अजून उतरलेला नव्हता. आनंद करावा की देव पाण्यात ठेवावेत, हेच कळेना. सासूबाईंना सांगितलं तर त्या अंथरुणातूनच म्हणाल्या, ‘मुलीजवळ कोण आहे?’ मी म्हटलं, ‘भाऊ निघालाय.’ त्यांनी हात जोडले.

त्याच्या त्या प्रवासाचा हिशेब ह्यांनी नंतर मांडला, तो तुम्हांलाही सांगते. तो राहतो अपापा बंदराच्या बाजूला. तिथली ट्रकांची रांग आख्ख्या लागोसात कुप्रसिद्ध. विमान दुपारी दीडचं, पण हा सकाळी आठलाच घराबाहेर पडला. विमानतळावर पोचायलाच अडीच तास लागले. मग कागदांची तपासणी, रांगा, वाट पाहणं. अदिस अबाबापर्यंत पाच तास. तिथे सव्वादोन तास बाकावर. मग नैरोबीपर्यंत दोन तास. नैरोबीला उतरला तेव्हा तिथे मध्यरात्र उलटून पाऊण तास झाला होता. तपासणी, सामान, टॅक्सी करत तो दवाखान्याच्या दारात पोचला रात्री अडीचला. आपल्याकडे पहाटेचे पाच, माझी अंगणात सडा घालायची वेळ. घरापासून दवाखान्यापर्यंत साडेसोळा तास. त्यांतले विमानात सात आणि जमिनीवर साडेनऊ!

आणि सांगलीहून मी निघाले असते तर? मुंबईपर्यंत रात्रीच्या बसने आठ तास. विमानतळावर तीन-चार तास. विमान सहा तास. पुढे तपासणी आणि टॅक्सी धरून दीड-दोन तास. म्हणजे वीस तासांच्या आतबाहेर. त्याच्या आणि माझ्या वाटेत फरक किती, तर साडेतीन तासांचा. शेजारणी ज्याला ‘तिथल्या तिथे’ म्हणतात, ते हे.

पण तो पोचला. त्या साडेसोळा तासांचं मोल काय, ते पुढच्या नऊ दिवसांत कळलं. बाळ नऊ दिवस पेटीत होतं. जावई दवाखान्यात राहत आणि हा घर सांभाळी. ज्या मुलाने इथे असताना कधी स्वतःचं ताट उचललं नव्हतं, तो नातीला अंघोळ घाली, तिच्या दोन वेण्या घाली (एक नेहमी वर, एक खाली), मऊ भात करून भरवी. लागोसच्या उकाड्यातून अंगावरच्या सुती शर्टानिशी गेला होता. नैरोबीची रात्रीची थंडी झोंबली, तेव्हा जावयांचा स्वेटर चढवला. बाह्या आखूड, पण चालवून घेतला. घरकामाला येणारी बाई त्याला ‘म्जोंबा’ म्हणू लागली. स्वाहिली भाषेत म्जोंबा म्हणजे आईचा भाऊ, मामा. नात दिवसभर ‘म्जोंबा, म्जोंबा’ करत त्याच्या मागे.

एका सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल आला. ‘आई, ताईला ते लाल दाण्यांचं काहीतरी करून देतात ना? ते सांग.’ अळिवाची खीर! मी म्हटलं, तुला अळीव कुठे मिळणार? पण नैरोबीत पार्कलँड्स भागात आपल्याकडच्या वाणसामानाची दुकानं आहेत. मासींनी अळिवाला गुजरातीत ‘असेळियो’ म्हणतात ते सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. मग इकडे मी सासूबाईंच्या उशाशी फोन धरून बसले आणि तिकडे त्याने खीर केली. दोन चमचे अळीव अर्धा तास पाण्यात भिजवायचं, मग दुधात मंद आचेवर शिजवायचं, दाणे फुलून आले की गूळ घालायचा. गूळ मात्र गॅस बंद करून, दूध जरा निवल्यावर. नाहीतर दूध फाटतं. खीर थोडी घट्ट झाली. लेकीने वाटी चाटूनपुसून संपवली. तिने पुढे मला सांगितलं, की भाऊबीज नोव्हेंबरात होती खरी, पण त्या वर्षी आमची सप्टेंबरातच झाली.

मी गेले नोव्हेंबरात, सासूबाई चालण्याची चौकट धरून न्हाणीघरापर्यंत जाऊ लागल्यावर. तोवर बाळ चांगलं बाळसं धरून होतं. बारसं आम्ही तेव्हा केलं. धाकट्याला पुन्हा रजा मिळाली नाही, त्याने लागोसहून फोनच्या पडद्यावर कुर्रर्र केलं. मला वाईट वाटलं. लेक म्हणाली, ‘आई, तो जेव्हा यायला हवा होता तेव्हा आला होता.’

ज्यांची मुलं लांब आहेत अशा माझ्या भगिनींना मी एवढंच सांगेन. लांब म्हणजे आफ्रिकाच असायला हवी असं नाही. मुलगी गुवाहाटीला आणि मुलगा कोचीला असला तरी हेच. नकाशावरचं अंतर पाहून ‘जवळ आहेत’ किंवा ‘फार लांब आहेत’ असं मनाशी ठरवून टाकू नका. एकदा दुपारी चहा घेऊन बसा आणि कागदावर मांडा. कोण कुणाकडे किती तासांत पोचेल, घराच्या दारापासून दवाखान्याच्या दारापर्यंत? थेट गाडी किंवा विमान नसेल तर दुसरी वाट कोणती? पासपोर्टची मुदत, परवानगी, लशीचं कार्ड, थोडे हाताशी असलेले पैसे हे सगळं तयार आहे का? शेजारच्या बाईंचा फोन नंबर तुमच्याकडे आहे का? आणि घड्याळात किती फरक आहे, हे पहाटे साडेतीनला झोपमोड झालेल्या डोक्याला आठवावं लागू नये, म्हणून तेही लिहून ठेवा. मुलांनाही आपापसांत बोलायला सांगा. आपल्यामार्फत एकमेकांची खुशाली विचारणारी भावंडं पुष्कळ असतात. ऐन वेळी त्यांना एकमेकांचा पत्तासुद्धा धड ठाऊक नसतो.

आमच्या कपाटातल्या कागदाचे कोपरे आता तेलकट झाले आहेत, पण तो काढलेला नाही. उलट त्यात एका ओळीची भर पडली. पिवळ्या तापाची लस बाळांना सहसा नऊ महिने पुरे झाल्यावर देतात. नातवाला ती २०२५ च्या जूनमध्ये दिली, आणि ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी लागल्यावर लेक दोन्ही मुलांना घेऊन महिनाभर सांगलीला राहून गेली. पणतवाला मांडीवर घ्यायला सासूबाई सकाळपासून खुर्चीत तयार होऊन बसल्या होत्या.